प्रवास, जोखीम आणि विमा



परदेशच्या सहलीला निघणाऱ्याने विमा कोणता घ्यावा, ह्या विषयावर आम्ही बोलणार आहोत असे कळल्यावर येथील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला वाटेत गाठले आणि विचारले, ‘अहो, दिवाळी झाली की आमच्याकडे पुष्कळ घरांना कुलपे लागतात. माणसे कोयता घेऊन कारखान्याची वाट धरतात. त्या लिंबागणेशला तुम्ही परदेशच्या सहलीचे काय सांगणार?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

आमचे उत्तर असे की, ह्या पंचक्रोशीतून आज तीन प्रकारचे प्रवासी निघतात. पहिला प्रवासी म्हणजे निवृत्त शिक्षक किंवा कारकून. मुलगा अमेरिकेत वा जर्मनीत नोकरीला असतो, आणि हा पत्नीसह त्याच्याकडे चार महिने राहावयास जातो. दुसरा आखातात गवंडी, वाहनचालक किंवा मदतनीस म्हणून जाणारा तरुण. तिसरा ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे बायकामुलांसह, बैलांसह जाणारा. तिघांच्याही डोक्यावर जोखीम आहे. मात्र कोणाची जोखीम कागदावर लिहिली जाते, ती कोण उचलतो आणि तिचे मोल कोण भरतो, हे तिघांच्या बाबतीत निराळे आहे. हे निराळेपण कोठून आले ते इतिहास सांगतो, आणि तो इतिहास ठाऊक असलेला माणूस विम्याच्या कागदावर सही करताना सहसा फसत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या भरपाईच्या दाव्यांत अधिक झाले आहे. त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. हिशेबाची अवश्य ठेवावी.

प्रवास म्हणजे संकट, ही आपल्याकडील जुनी समजूत. मुहूर्तावर निघता आले नाही तर शेजारच्या घरी प्रस्थान ठेवायचे, हातावर दहीसाखर घालायची, गणपतीला नारळ वाढवायचा आणि मग पाऊल बाहेर टाकायचे. आपल्या गावी तर भालचंद्र गणेशच नांदतो. शापातून सुटण्यासाठी चंद्राने येथे तप केले अशी कथा आपण सर्व जाणतो. ह्या श्रद्धेची थट्टा करण्याचे आम्हांला कारण नाही. परंतु त्याच आपल्या पूर्वजांनी संकटाचा रोख हिशेबही मांडला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

याज्ञवल्क्यस्मृतीतील व्याजाचे दर पाहा. गहाण ठेवून घेतलेल्या कर्जावर दरमहा शेकडा सव्वा. रानावनातून व्यापारास जाणाऱ्यावर शेकडा दहा, आणि समुद्रावर जाणाऱ्यावर शेकडा वीस! हा सावकाराचा निव्वळ लोभ म्हणावा काय? ह्या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत होऊन गेले. ते आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या सीमेलगतचे. ते कारण स्पष्ट करतात: अशा प्रवासात व्याजच नव्हे, मुद्दलही बुडण्याचे भय असते. म्हणजे वाढीव व्याजात जोखमीची किंमत धरलेली होती. विमा हा शब्द फारसीतून आला. पण जोखमीला मोल असते आणि ते वाटेच्या धोक्याप्रमाणे बदलते, हे तत्त्व आपल्याकडे त्याच्या फार आधीचे आहे.

पुढे सराफांच्या पेढ्यांनी ह्याच तत्त्वावर ‘जोखमी हुंडी’ काढली. माल सुखरूप पोहोचला तरच ती हुंडी पटवायची. माल बुडाला तर पैसा देणाऱ्याचा पैसाही बुडाला. एकाच कागदात कर्ज आणि विमा! जॉन माल्कम ह्याने १८२३ साली मध्य हिंदुस्थानचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात शिंदे-होळकरांच्या माळव्यातील सराफांच्या विम्याचे दर नोंदले आहेत. दूरची वाट, वैराण मुलूख, लुटारूंचे भय, ह्यांवर दर ठरायचा.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा विमा होता अफूच्या पेटीचा, कापडाच्या गठ्ठ्याचा, रुपयांच्या थैलीचा. ते ओझे वाहणाऱ्या हमालाचा किंवा सांडणीस्वाराचा तो नव्हता. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या लुटीत सर्वस्व गेले, तरी गंगेच्या पाण्याची कावड त्यांनी घरी आणली. त्यांचे प्रवासवृत्त १९०७ साली प्रसिद्ध झाले. भटजींच्या पोटाचा, पायांचा वा प्राणांचा विमा उतरणारी पेढी त्या काळी ह्या देशात कोण धरून बसले होते? सोबत, ओळख आणि दैव, एवढीच त्यांची शिदोरी. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या. तेथल्या हवेत त्यांची प्रकृती ढासळत गेली. आधार झाला तो न्यू जर्सीतील कारपेंटरबाईंच्या घराचा. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली, त्याच वर्षी त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. परक्या मुलखात आजारी पडणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला त्या मुलीने पहिल्यांदा इतके जवळून दाखवले. सर्वांनाच कारपेंटरबाई भेटत नाहीत, म्हणून तर विमा लागतो.

प्रवाशाच्या देहाचा विमा सर्वसामान्यांच्या हाती आला तो आगगाडीबरोबर. इंग्लंडात १८४९ साली ‘रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स’ ही कंपनी निघाली. तिकिटाच्या खिडकीवरच विम्याचे तिकीट मिळू लागले. पहिल्या वर्गाच्या उतारूने तीन पेन्स द्यावे आणि मृत्यू आल्यास वारसांनी हजार पौंड घ्यावे. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्सांत पाचशे पौंड. तिसऱ्या वर्गाला एक पेनीत दोनशे.

ऐकायला किती न्याय्य वाटते! गरिबाला एक पेनी, श्रीमंताला तीन. पण आम्ही हा हिशेब पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन्सिल घेऊन बसलो. हजार पौंडांसाठी पहिल्या वर्गाचा उतारू तीन पेन्स देत होता. त्याच हजाराच्या प्रमाणात दुसऱ्या वर्गाचा चार, आणि तिसऱ्या वर्गाचा पाच! तिसऱ्या वर्गाचे डबे अधिक धोक्याचे, म्हणून दर अधिक, असे समर्थन करता येईल. परंतु डबे धोक्याचे ठेवले कोणी, हा प्रश्न विम्याच्या तिकिटावर छापलेला नसतो. स्वस्त हप्ता म्हणजे स्वस्त विमा नव्हे, हा पहिला धडा १८४९ सालचा आहे, आणि आजही तो तितकाच खरा आहे. किती पैशांत किती संरक्षण, हा भागाकार केल्यावाचून कोणताही विमा स्वस्त किंवा महाग म्हणू नये.

आपल्याकडे १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. बीडला मात्र आगगाडी यावयास २०२५ साल उजाडले! विम्याच्या कंपन्या त्याही आधी, १८१८ पासून, कलकत्त्यात होत्या; पण त्या प्रामुख्याने गोऱ्यांसाठी. हिंदी माणसाचा जीव त्यांच्या लेखी अधिक नाशवंत, म्हणून त्याच्यावर जादा आकार. १८७० साली मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ निघाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा सामान्य दराने उतरवला. ही साधी व्यापारी बातमी नव्हे, ही समतेची बातमी होती.

कष्टकऱ्याची पाळी आली ती त्यानंतर अर्ध्या शतकाने. कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. भरपाई मात्र ‘कामाच्या ओघात’ झालेल्या अपघाताचीच. घर ते कारखाना ही वाट कामाच्या ओघात येते की नाही, ह्यावर न्यायालयांतून किती वाद झाले ते आम्ही सांगत बसत नाही. ती वाट सामाजिक सुरक्षेच्या संहितेने धरली. ती संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. ह्या एका वाटेचे अंतर तोडावयास शंभर वर्षे लागली, श्रोतेहो!

परदेशी गेलेल्या कामगाराचा प्रश्नही तितकाच जुना आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. ह्याच संघटनेने १९२५ साली ठराव केला की, परक्या देशाच्या कामगाराला अपघात झाला तर त्याला देशातल्या कामगाराइतकीच भरपाई मिळावी. हिंदुस्थानने तो १९२७ साली मान्य केला. बंधन अर्थातच तो मान्य करणाऱ्या राष्ट्रांपुरते. तरीही परमुलखातला माणूसही माणूसच आहे, हे तेव्हा कागदावर आले.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन तारखा आपण ध्यानात ठेवाव्यात. १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. २४५ लहानमोठ्या संस्था त्यात विलीन झाल्या. १९७३ च्या १ जानेवारीपासून सर्वसाधारण विमाही राष्ट्राच्या ताब्यात आला आणि १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. आणि १९८४ साली त्या सरकारी कंपन्यांनी परदेशी जाणाऱ्यांसाठी ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ आणली. परकीय चलनाची चणचण असलेले ते दिवस. परदेशात आजार आला तर डॉलर आणायचे कोठून, ह्या विवंचनेवर तो उपाय होता: हप्ता येथे रुपयांत, दवाखान्याचे देणे तेथे त्यांच्या नाण्यात. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्याही आल्या, आणि आज शेकडो प्रकारचे कागद आपल्यापुढे पसरलेले आहेत.

ह्यापुढील दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २००३ साली भारत सरकारने प्रवासी भारतीय विमा योजना काढली. ज्यांना परदेशी कामावर जाण्यास सरकारी परवानगी लागते, म्हणजे मुख्यतः मॅट्रिकपर्यंत न पोहोचलेले कामगार, त्यांना तो विमा सक्तीचा. २०१७ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांस २७५ रुपये, तीन वर्षांस ३७५, कर वेगळा. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख. दुसरी गोष्ट युरोपची. १ जून २००४ पासून शेंगेन राष्ट्रांनी अट घातली की, व्हिसा हवा असेल तर निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवा. त्यात उपचार, परत पाठवणी आणि मृत्यू आल्यास देह मायदेशी नेण्याचा खर्च आला पाहिजे.

पहिल्यात कामगाराच्या कुटुंबाची काळजी आहे. दुसऱ्यात पाहुण्याची काळजी आहेच, पण यजमानाच्या तिजोरीची अधिक आहे. परका माणूस आपल्या रुग्णालयात पडून देणे बुडवून जाऊ नये, ही ती काळजी. त्यात गैर काही नाही. पण आपण हे ओळखले पाहिजे की, व्हिसासाठी पुरेसा विमा आणि आपल्यासाठी पुरेसा विमा, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि आखातात जाणाऱ्या मुलाच्या आईने हे ओळखले पाहिजे की, सक्तीचा विमा मुख्यत्वे अपघातासाठी आहे. साध्या आजारपणात मालक काय देणार, ते करारपत्रात निघण्यापूर्वीच पाहावे लागते.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतले एक जुने सहकारी सेवेतून निवृत्त झाले आणि पत्नीसह अमेरिकेत लेकीकडे जावयास निघाले. जन्मात पहिलाच परदेश. त्यांनी आमच्यापुढे तीन-चार विम्यांची पत्रके ठेवली आणि म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही एवढे दावे लढलात, ह्यांतला कोणता घेऊ?’ आम्ही पत्रकांवरचे आकडे पाहिले, सर्वांत कमी हप्त्याचे बाजूला काढले आणि म्हणालो, ‘तुम्ही धडधाकट आहात, हेच घ्या.’ अर्ज एजंटाने भरला. ‘पूर्वीचा काही आजार आहे काय?’ ह्या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ लिहिले. आमचे सहकारी आठ वर्षे रक्तदाबाची गोळी घेत होते. पण गोळी चालू आहे म्हणजे आजार नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. त्यांनी सही केली. तिसऱ्या आठवड्यात छातीत कळ आली. जीव वाचला. कंपनीने दावा नाकारला. लेकीने कर्ज काढून रुग्णालयाचे देणे भागवले. बापाला परतल्यावर गावात तोंड दाखवण्याची लाज वाटे. दोष जणू त्याच्या हृदयाचा होता!

आम्ही नेहमीच्या आवेशाने तक्रार घेऊन भांडावयास निघालो. त्यासाठी कागद प्रथमच शेवटपर्यंत वाचला. त्यात सगळे लिहिलेले होते. आधीचा आजार वगळलेला, साठीच्या पुढे निरनिराळ्या खर्चांना मर्यादा घातलेल्या, आणि प्रत्येक दाव्यातली पहिली काही रक्कम प्रवाशाने स्वतः भरायची. एजंट चुकला, कंपनी कठोर वागली. पण जन्मभर कामगारांना ‘वाचल्यावाचून सही करू नका’ असे सांगणाऱ्या आम्हीच तो कागद वाचला नव्हता. ते सहकारी आज आम्हांला काही बोलत नाहीत. ते बोलत नाहीत, हेच आम्हांला अधिक लागते. आजचा हा विषय आम्ही मागून घेतला, त्याचे कारण हे आहे.

म्हणून, ह्या सर्व इतिहासातून आणि त्या एका ठेचेतून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

प्रथम, जोखीम देशाप्रमाणे मोजावी. रानातल्या वाटेला दहा आणि समुद्राला वीस, हे स्मृतिकारांना कळत होते. अमेरिकेतला दवाखाना आणि सिंहलद्वीपातला दवाखाना ह्यांचे देणे सारखे नसते. जेथे उपचार महाग, तेथे विम्याची रक्कम मोठी हवी. तेथे हप्त्यात काटकसर करू नये.

दुसरे, विमा प्रथम देहाचा पाहावा, मग पेटीचा. पत्रकात हरवलेले सामान, उशिरा आलेले विमान ह्यांची भरपाई ठळक छापलेली असते. ती मिळाल्यास उत्तम. पण हरवलेली पेटी माणसाला कर्जबाजारी करीत नाही, रुग्णालय करते. आजारी माणसाला मायदेशी आणण्याचा आणि वाईट प्रसंगी देह आणण्याचा खर्च त्यात आहे काय, हे विचारण्यास संकोच करू नये.

तिसरे, अर्जात सत्य लिहावे, आणि ते स्वतः लिहावे. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, चालू गोळ्या, सर्व नमूद करावे. हप्ता वाढेल, कदाचित एखादी कंपनी नकार देईल. तो नकार घरी ऐकलेला बरा. परक्या मुलखात, खाटेवर पडून ऐकलेला फार महाग पडतो.

चौथे, काय मिळते ह्याआधी काय मिळत नाही ते पान वाचावे. वगळलेल्या गोष्टी, वयाप्रमाणे घातलेल्या मर्यादा, स्वतः सोसायची रक्कम. डोंगर चढणे, बर्फावर घसरणे, पाण्याखाली बुड्या मारणे असे खेळ सहलीत असतील तर ते धरले आहेत काय, हेही पाहावे. इंग्रजी कळत नसेल तर कळणाऱ्याकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. न वाचण्यात आहे.

पाचवे, दिवस मोजून घ्यावेत. घरून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतचे सर्व दिवस, आणि वर दोनचार. मदतीचा दूरध्वनी क्रमांक नवऱ्याच्या खिशात आणि बायकोच्या पिशवीत, दोन्हीकडे असावा. रुग्णालयात दाखल होताच कंपनीला कळवावे. आणि अन्यायाने दावा नाकारला गेलाच, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी व नंतर विमा लोकपालाकडे जावे. ही व्यवस्था १९९८ पासून आहे आणि तेथे वकील लागत नाही.

आता पुन्हा त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे. २०१६ पासून आपल्या आगगाडीचे तिकीट घरबसल्या यंत्रावर काढताना काही पैशांत दहा लाखांचा अपघाती विमा मिळतो. खिडकीवर रांगेत उभे राहून साध्या डब्याचे तिकीट घेणाऱ्याला मात्र तो नाही. अपघात झाल्यास रेल्वेच्या कायद्याने त्यालाही भरपाईचा हक्क आहे, हे खरे. परंतु वरचा तो स्वस्त विमा त्याच्यापुढे ठेवलाच जात नाही. १८४९ सालच्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूला निदान पाच पेन्सांच्या भावाने तरी विमा विकत मिळत होता!

आणि उसाच्या ट्रॉलीवर संसार बांधून निघालेल्या जोडप्याला तिकीटही नसते. मुकादमाची उचल वहीत पैपैसह लिहिलेली असते. त्या जोडप्याच्या जिवाची रक्कम त्या वहीत आम्ही कधी पाहिली नाही. शिंदे-होळकरांच्या काळी मालाचा विमा होता, वाहणाऱ्याचा नव्हता. त्या काळापासून आपण किती पुढे आलो, हे ज्याने त्याने दिवाळीनंतर रस्त्यावर उभे राहून पाहावे.

तेव्हा परदेशी जाणाऱ्यांना आमची विनंती एवढीच आहे. आपण सुखरूप जा, डोळे भरून जग पाहा, विमा घ्या आणि तो वाचून घ्या. पण आपल्या प्रवासाला जे संरक्षण आपण हक्काने मागता, ते आपल्याच गावातून निघणाऱ्या दुसऱ्या प्रवाशालाही मिळावे, म्हणून परतल्यावर आमच्याबरोबर एकदा तहसील कचेरीपर्यंत या. तो प्रवास जवळचा आहे आणि त्याला व्हिसा लागत नाही.